डायमंडला एक फेरी कमी

१४ ऑक्टोबर, मंगळवार

साहेबांनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं आणि बढती दिली. जानेवारीपासून नवा विभाग माझ्याकडे. बाटल्या भरणाऱ्या यंत्रांची लाइन बसवायला, चालू करून द्यायला आता इथून कोणी जाणार नाही. कारखान्यातली पोरं कॅमेरा लावतील, मी खुर्चीत बसून स्क्रीनवर बघायचं आणि सांगायचं, हा व्हॉल्व्ह घट्ट करा, तो सैल करा. साहेब म्हणाले, "अर्धं आयुष्य विमानतळावर काढलंत, आता जरा घरचं जेवा." मी आभार मानले.

खरं लिहायचं तर खुर्ची आठवली नाही, पगार आठवला नाही. पहिलं आठवलं ते विमान कंपनीचं कार्ड. डायमंड श्रेणी दर वर्षी नव्याने कमवावी लागते. डिसेंबर संपेपर्यंत ठरलेल्या फेऱ्या झाल्या तर पुढचं वर्ष आपलं, नाहीतर एक पायरी खाली. माझ्या तीन फेऱ्या कमी आहेत. जानेवारीनंतर प्रवासच नसेल तर कार्ड घेऊन करायचं काय, हा प्रश्न जिन्यातच पडला. पण कार्ड हवं आहे.

घरी दंतूला सांगितलं. बाकी सगळे त्याला डॉक्टरसाहेब म्हणतात, मी लग्नाआधीपासून दंतू. दातांच्या डॉक्टरशी लग्न केल्याचा एक तोटा म्हणजे बोलताना तो आपल्या डोळ्यांत न बघता तोंडात बघतो. आज मात्र डोळ्यांत बघितलं. म्हणाला, "बरं झालं." मग, "म्हणजे, तुला कसं वाटतंय?" ठीक वाटतंय म्हटलं.

त्याने दाढीचं इलेक्ट्रिक मशीन आणलंय. ब्लेडशिवाय दाढी म्हणजे गवत कापणं, असं म्हणणारा माणूस. उतारवयात शौक सुचतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

नणंद जेवायला आली होती. ती दंतूपेक्षा लहान, पण त्याच्यावर हुकूम सोडते मोठ्या बहिणीसारखे. बढतीचं ऐकून खूश झाली, कार्डाचं ऐकून नाही. "वहिनी, त्या कार्डाने मिळतं तरी काय?"

मी सांगितलं. सगळ्यांच्या आधी विमानात जायचं. लाउंजमध्ये बसायचं, बरोबरच्या एकालाही नेता येतं. सामान पट्ट्यावर पहिलं येतं. फोन केला तर लगेच जिवंत माणूस उचलतो. विमान भरलेलं असलं तरी खटपट करून जागा देतात.

"म्हणजे विमान तेच, पायलट तोच, पोचायची वेळ तीच. तू फक्त आधी जाऊन बसतेस."

दंतू खूप हसला. मीही हसले, पण मनातून चिडले. एका वर्षी वादळात विमानतळ बंद पडला तेव्हा लोक जमिनीवर चादरी टाकून झोपले होते, आणि मी एक फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली, तुमचीच काळजी करत होतो. खोटं असेल. पण त्या दिवशी मला दुसऱ्या कोणी तसं म्हटलं नव्हतं. हे नणंदेला कसं सांगणार?

दंतूने सूप घेतलं नाही. स्वतः केलेलं, तरी नाही. मी ताटं उचलून आत गेले तर भाऊ-बहीण ओट्याशी हळू आवाजात बोलत होते, मला बघून गप्प झाले. भावाबहिणींचं काहीतरी चालू असतं. मी विचारत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ज्यूसच्या कारखान्यातून आज परत आले. एक फेरी झाली. लाइन दर थोड्या वेळाने अडखळत होती आणि तिथल्या पोरांनी सॉफ्टवेअर दोनदा नव्याने टाकून बघितलं होतं. मी मोटरच्या अंगावर तळहात ठेवला. बेअरिंग गेलं होतं. थरथर वेगळी असते, निरोगी मशीनची आणि आजारी मशीनची. कानाला कळायच्या आधी हाताला कळते. कॅमेऱ्याला ते कसं कळणार, हे साहेबांना लिहून पाठवलं पाहिजे. पाठवणार नाही.

विमानतळावरून थेट दंतूच्या क्लिनिकमध्ये गेले. आत त्याच्या खुर्चीवर धाकटी डॉक्टरीण काम करत होती, त्याने दोन वर्षांपूर्वी हाताखाली घेतलेली. खुर्चीत पेशंट त्याचाच, जुना. आणि हा बाहेर काउंटरवर बसून फोनवर लोकांना वेळा देत होता. मी म्हटलं, मालकाने दारात बसायचं आणि नोकराने गादीवर, हे कुठलं शास्त्र? तो म्हणाला, "तिचे हात चांगले आहेत."

आळस आलाय त्याला. पन्नाशी उलटली की पुरुष एकतर धावायला लागतात किंवा बसतात. हा बसला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुसरी फेरी झाली. सॉसचा कारखाना. काही विशेष नाही. लाउंजमधली बाई न विचारता माझी कॉफी घेऊन आली, बिनसाखरेची. मी तिला म्हटलं की जानेवारीपासून येणं बंद. ती म्हणाली, अरे. मग दुसऱ्या टेबलाकडे गेली. तिचा काय दोष.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डिसेंबरची फेरी साहेबांनी रद्द केली. कॅमेऱ्याची चाचणी तिथेच घ्यायची म्हणे, आतापासून सवय हवी.

म्हणजे डायमंडला एक फेरी कमी. एकच.

दिवसभर विचार केला आणि ठरवलं की स्वतःच्या खिशातून तिकीट काढायचं. सकाळी कुठेतरी जायचं, संध्याकाळी परत. माझ्यासारखे लोक हे करतात, मी आजवर त्यांना हसत आले.

दंतू थट्टा करेल म्हणून जेवताना सहज विषय काढल्यासारखं सांगितलं. त्याने थट्टा केली नाही. विचारलं, "कुठेही गेलं तरी चालतं?"

"पल्ला लांबचा हवा. बाकी कुठेही."

मग त्याने समुद्राकाठच्या त्या मोठ्या शहराचं नाव घेतलं. चालेल का? चालेल म्हटलं, उलट बरं, अंतर भरपूर आहे. "मीही येतो," तो म्हणाला. मी हातातला घास तसाच धरून बसले. हा माणूस लेकीच्या पदवीदान समारंभालासुद्धा आगगाडीने गेला होता. तिथे त्याचा कॉलेजमधला एक मित्र असतो, त्याला भेटेल म्हणाला. पण गुरुवारच हवा. मित्र गुरुवारीच मोकळा असतो.

मला सुट्टी कुठल्याही दिवशी मिळते. गुरुवार तर गुरुवार.

११ डिसेंबर, गुरुवार

जाऊन आलो. थकले आहे, तरी लिहून टाकते.

सकाळी विमानतळावर दंतू इतका हळू चालत होता की मी दोनदा मागे वळून आले. मी म्हटलं, प्रदर्शन बघायला आलायस का? तो म्हणाला, "तूच चालतेस की पळतेस हे बघतोय." लाउंजमध्ये त्याने सगळीकडे नीट बघितलं, मऊ खुर्च्या, फळं, भिंतीवरचं पाणी. कॉफीवाल्या बाईला मी सांगितलं, हे माझे मिस्टर. ती म्हणाली, "मॅडम तुमच्याबद्दल नेहमी बोलतात." मी तिच्याशी त्याच्याबद्दल कधीच बोललेले नाही. दंतू खूश झाला.

डायमंडची घोषणा झाली आणि आम्ही पहिले आत गेलो. अख्खं विमान रिकामं. त्याने बॅग वर ठेवायला बराच वेळ लावला, पट्टा लावायला त्याहून जास्त. पट्ट्याची जीभ बक्कलात जाईना. मी लावून दिला. विमानाची भीती असते काहींना, बोलत नाहीत. चहा आला तर त्याने नको म्हटलं.

पोचल्यावर तो टॅक्सीने मित्राकडे गेला. मी येऊ का विचारलं तर म्हणाला, तू कंटाळशील. खरंच होतं ते, कॉलेजच्या गप्पांत मी काय करणार? मी तिथल्या लाउंजमध्ये बसले. आजवर मी लाउंजमध्ये नेहमी कुठेतरी जायचं म्हणून बसले आहे. आज पहिल्यांदा कुठेच जायचं नव्हतं, आणि ती खोली अगदी दवाखान्याच्या प्रतीक्षालयासारखी दिसायला लागली. सगळे घड्याळ बघतात, कोणी कोणाशी बोलत नाही. एक माणूस मांडीवर कोट घेऊन झोपला होता, तोंड उघडं. दंतू असता तर म्हणाला असता, वरची डावी दाढ गेली आहे. मी मासिकं चाळली. दोनदा जेवले, भूक नसताना.

दंतू उशिरा आला, दार बंद व्हायच्या बेतात. मी उभीच होते. म्हटलं, मित्र भेटला की वेळेचं भान नको?

विमान वर गेल्यावर मी विचारलं, कसा आहे मित्र?

"बरा आहे. फार बोलला नाही. मला चालायला लावलं, इकडून तिकडे."

"समुद्रावर गेलात?"

"तसंच काहीतरी."

मग बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर काही दिसत नव्हतं. एकदा विचारलं, "आता हे कार्ड पुढचं अख्खं वर्ष चालेल?" हो म्हटलं. "आणि बरोबरचा माणूस?" तोही. म्हणाला, चांगलं आहे.

उतरता उतरता त्याने माझा हात धरला. गेल्या कित्येक वर्षांत धरला नव्हता. त्याचा हात माझ्या हातात थरथरत होता, न थांबता. मी विचारलं, घाबरलास? तो हो म्हणाला.

उतरल्यावर मोबाइलवर निरोप आला, अभिनंदन, आपली डायमंड श्रेणी कायम. मी दोनदा वाचला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ऑफिस. दिवसभर तळहात सारखा पुसत होते. कारण माहीत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

नणंद आली. चपला काढायच्या आधीच तिने दंतूला विचारलं, "काय म्हणाले तिकडे?" मग मी दिसले.

मी म्हटलं, "कोण काय म्हणाले?"

दंतूने खुर्ची ओढली, बसला आणि सांगितलं. शांतपणे, पेशंटला सांगतात तसं. कंपवात. उजव्या हातापासून सुरुवात, आता पायातही आहे. इथल्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, मोठ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं होतं. तो तज्ज्ञ त्या शहरात, गुरुवारी नवे पेशंट बघतो. त्यानेही तेच सांगितलं. गोळ्या चालू आहेत, वाढवल्या. जीव जाणार नाही, पण बराही होणार नाही. जूनपासून त्याने कोणाच्या तोंडात अवजार घातलेलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू विमानं सोडून घरी बसली असतीस. मग आयुष्यभर मी तुला बघत बसलो असतो, माझ्यामुळे घरी बसलेली. मग तूच सांगितलंस, जानेवारीपासून घरीच. म्हटलं, देव पावला. जानेवारीत सांगू. तेव्हा कोणामुळे आलीस हा प्रश्नच नाही."

नणंद म्हणाली, "वहिनी, तुला खरंच काही दिसलं नाही?"

मी म्हटलं, नाही. मग गोळ्यांची नावं विचारली, कधी घ्यायच्या, जेवणाआधी की नंतर, पुढची तपासणी केव्हा. दंतूने सगळं सांगितलं. मी आत गेले आणि चहाच्या किटलीत साचलेला क्षार व्हिनेगर घालून काढला. बरेच दिवस काढायचा राहिला होता. नणंद दारात येऊन उभी राहिली, थोड्या वेळाने गेली.

२ जानेवारी, शुक्रवार

नव्या खुर्चीत पहिला दिवस. लेक फोनवर रडली. ती यायचं म्हणत होती, बापाने नको म्हटलं, तुझी नोकरी कर.

कॅमेऱ्यावरून एक लाइन चालू करायचा प्रयत्न केला. तीन पोरं, तीन मोबाइल, आणि प्रत्येक जण मला छत दाखवतोय. संध्याकाळपर्यंत झाकणं वाकडीच बसत होती.

९ जानेवारी, शुक्रवार

लाइन अजून बंद. साहेबांनी बोलावलं. सरळ सांगत नव्हते, पण अर्थ असा की मोठ्या कामांना मी जावं, निदान हे वर्षभर, पोरं तयार होईपर्यंत. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. ऑफिसात हे वाक्य मी पूर्वी कधी बोलले नव्हते. साहेबांनाही ते नवं होतं, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं.

घरी मी सांगितलं की मी नाही म्हणणार आहे. दंतू चिडला. आजारपणात तो पहिल्यांदा चिडला. म्हणाला, "मग मी उन्हाळ्यापासून तोंड शिवून बसलो ते कशाला?" आणि थोड्या वेळाने, स्वयंपाकघरात येऊन, "मीच येतो तुझ्याबरोबर. क्लिनिक धाकट्या डॉक्टरणीच्या हातात आहे. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात बघितलं, आता जरा बाहेर बघतो."

मी म्हटलं, तुला त्रास होईल. तो म्हणाला, घरीही होतो.

१७ जानेवारी, शनिवार

नवीन कार्ड आलं, जाड खोक्यात, बॅगेला लावायच्या चामडी पट्टीसह. दंतूने खोकं उघडायला मागितलं. बोटांना कड सापडत नव्हती. मला हात पुढे करावासा वाटत होता, आणि दुसऱ्या बाजूने इतका राग येत होता की उठून खिडकी लावायला गेले. राग त्याचा नाही. कोणाचा ते माहीत नाही. परत आले तेव्हा खोकं उघडलेलं होतं आणि तो पट्टीचा वास घेत होता.

८ फेब्रुवारी, रविवार

वाकड्या झाकणांच्या त्या कारखान्यातून काल परतलो. दंतू बरोबर होता. यंत्रापाशी त्याला आत सोडत नाहीत, म्हणून तो कॅन्टीनमध्ये बसला. पहिल्या दिवशी फोरमनने सहज दाढ दाखवली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रांग लागली होती. हा अवजार हातात घेत नाही, फक्त टॉर्च धरायला लावतो दुसऱ्या कोणाला, बघतो आणि सांगतो, ही काढा, ही वाचेल, तुम्ही तंबाखू सोडा. फोरमन मला म्हणाला, "मशीन बिघडलं की मॅडम, दाढ बिघडली की साहेब. दोघांचा पगार एकच का?"

एक गोष्ट नोंदवून ठेवते. विमानात आधी जायला मिळतं त्याचा उपयोग आहे. मागे कोणी खोळंबलेलं नसतं. त्याला हवा तेवढा वेळ घेऊन तो बसतो, बाही सरळ करतो, पाय आत घेतो. बाकीचे येईपर्यंत तो कुठल्याही प्रवाशासारखा प्रवासी असतो. ही सोय ज्याने ठरवली त्याच्या डोक्यात हे नसणार. त्याला मोठी माणसं मोठी दिसायला हवी होती.

नणंदेला हे सांगितलं नाही. ती म्हणेल, त्यासाठी व्हीलचेअर मागवता येते. येते. दंतूला नको आहे. अजून नको आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

त्याच्यावर ओरडले. शर्टाची बटणं. नंतर माफी मागायला गेले तर म्हणाला, "चांगलं वाटलं. हल्ली सगळे माझ्याशी कुजबुजतात."

१३ मार्च, शुक्रवार

दुधाच्या कारखान्याचं काम. हॉटेलच्या खोलीतून लिहिते आहे. दंतू झोपलाय.

सकाळी गेटवर डायमंडची घोषणा झाली, आम्ही पुढे झालो. कार्ड दाखवलं, विमानाला जोडलेल्या बोगद्यात शिरलो. विमानाचं दार समोर दिसत होतं. बोगद्याचे दोन भाग जिथे जोडतात तिथे जमिनीवर एक लोखंडी पट्टी असते. मी आजवर कितीदा ओलांडली असेल, कधी दिसली नव्हती. दंतू तिथे थांबला. थांबला म्हणजे पाय उचलेनात. तज्ज्ञाने सांगितलं होतं की असं होईल कधीतरी. बूट जमिनीला चिकटवल्यासारखे, आणि वरचा माणूस चालायला निघालेला. मी त्याचा दंड धरला.

मागून लोक आले. गेटवरची मुलगी धावत आली. अगदी तरुण, गोंधळलेली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही डायमंड आहात, तुम्ही पुढे जाऊन बसा. सरांसाठी मी खुर्ची मागवते." दंतूने मान हलवली, नको. ती माझ्याकडे बघायला लागली.

मी बॅग भिंतीला टेकवली आणि त्याला हळूच बाजूला वळवलं. तेवढं जमलं. म्हटलं, "सगळ्यांना जाऊ द्या."

मग सगळे गेले. कोट घातलेले, फोनवर बोलणारे, कडेवर मूल असलेली बाई, एक म्हातारी जी आमच्याकडे बघून हसली, एक कॉलेजची टोळी, मागच्या रांगांतले, सगळ्यात शेवटचे. मी भिंतीकडे पाठ करून उभी होते. प्रत्येक जण आमच्याकडे बघत होता आणि मला ते चाललं. दंतू कानाशी म्हणाला, "सगळे तुझ्या आधी चाललेत. कार्ड काढून घेतील."

"घेऊ देत."

बोगदा रिकामा झाला. ती मुलगी लांब उभी राहिली, फोन हातात घेऊन, पण कोणाला फोन केला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मागच्या महिन्यात एक युक्ती दाखवली होती. त्याच्या बुटापुढे मी माझं पाऊल आडवं ठेवलं आणि म्हटलं, ओलांड. तो माझ्या पावलाकडे बराच वेळ बघत होता. मग उजवा पाय उचलला, ओलांडला, आणि डावा आपोआप त्याच्यामागे आला. एकदा सुरू झाल्यावर तो चालत राहिला, लहान लहान पावलं टाकत, हात न धरता. मी बॅग घेऊन त्याच्या मागून गेले.

विमानात सगळे बसले होते. दार आमच्यासाठी उघडं ठेवलं होतं.